पाठमोरा आवाज

माझ्या रागाला आवाज नाही, अशी तक्रार माझ्याविषयी घरी आणि शाळेत आयुष्यभर होत आली. इतर माणसे रागावली की ओरडतात. मी गप्प होते, माझे ओठ तेवढे हलतात, आणि समोरच्याला वाटते की ही स्वतःशीच काही पुटपुटते आहे. साठी उलटल्यावर लिहायला बसलेल्या बाईने आपल्या स्वभावाची कैफियत मांडू नये, हे मला कळते. परंतु हे प्रकरण रागाचेच आहे, आणि तो राग बिनआवाजाचा का, हे सांगितल्यावाचून ते पुढे सरकणार नाही.

आमचे घर नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीत होते. आजोबांचा हातमाग मोडीत गेला होता आणि बाबा एका शेठजींच्या शेडमध्ये यंत्रमागावर कामाला जात. ‘जात’ म्हणण्याइतकेही ते अंतर नव्हते. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि शेडची भिंत एकच होती. त्या भिंतीतून मागांची खटखट आमच्या घरात चोवीस तास उतरत असे. फळीवरची पितळी भांडी सतत किणकिणत, पेल्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळे उठत, आणि माय गोळाभात शिजवत असली की पातेल्यावरचे झाकण वाफेने हलते आहे की भिंतीने, ते सांगता येत नसे. वीज गेली आणि माग थांबले की आम्ही दचकून एकमेकांकडे पाहत असू. शांततेत आपापले आवाज आम्हाला परके आणि फार मोठे वाटत.

माय त्याच शेडच्या कोपऱ्यात बसून कांड्या भरी, म्हणजे धोट्यात घालायचे सूत गुंडाळून देई. शाळा सुटली की मी तिच्याजवळ जाऊन बसे. तिथे कोणी ओरडून बोलत नसे. ओरडून उपयोगच नव्हता. माणसे एकमेकांकडे तोंड करत आणि ओठांनी बोलत. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला काल काय भाजी केली ते सांगे, आणि मधल्या मागांच्या गोंगाटातून ती भाजी मीठ-तिखटासह पलीकडे पोहोचे. मायच्या शेजारी बसणाऱ्या रुख्मामावशीची या कलेत मोठी ख्याती होती. शेठजी फेरी मारायला आले की ती मान खाली घालून, चेहरा अत्यंत नम्र ठेवून, नुसत्या ओठांनी म्हणे, “पोट आलं बाप्पा पुढं, शेठ येऊन राहिला मांगून.” सगळी शेड हसे. शेठजी आपल्या सदऱ्यावर काही सांडले आहे काय ते पाहत.

हे ओठांचे बोलणे मला कोणी शिकवले नाही, आणि आपण ते शिकलो आहोत याचीही मला जाणीव नव्हती. जग असेच बोलते, असे मी धरून चालले होते. माझे कान उत्तम होते, आजही आहेत. पण ऐकणे म्हणजे समोरच्या चेहऱ्याकडे पाहणे, हे माझ्या अंगात इतके मुरले होते की चेहऱ्यावाचून येणारा आवाज मला अर्धवट वाटे. मराठीत त्या अर्ध्यावर भागत असे. भाषा आपली होती. इंग्रजीत भागणार नव्हते, हे मला लवकरच कळायचे होते.

बाबांचे कान मात्र मागांनी खाल्ले होते. ते कधी गेले हे बाबांनाही नेमके ठाऊक नसावे, कारण शेडमध्ये कानांची गरजच पडत नसे. घरी आम्ही त्यांच्याकडे तोंड करूनच बोलत असू. अडचण होई ती बाहेर. दुकानदार पाठ करून काही विचारी, रस्त्यात कोणी बाजूने हाक देई, आणि अशा प्रत्येक वेळी बाबा मान हलवून, हसून म्हणत, “हाव जी, हाव.” या ‘हाव जी’मुळे आमच्या घरी कितीदा तरी नको ती डाळ आली आणि एकदा कोणाची तरी शेळी दोन दिवस अंगणात राहिली. आम्ही हसत असू, बाबाही हसत. पण ‘मला ऐकू येत नाही’ हे चार शब्द त्यांनी परक्या माणसापुढे कधी उच्चारले नव्हते. त्या मान हलवण्यामागे त्यांनी आपली सारी अब्रू झाकून ठेवली होती, आणि ती झाकलेली राहील याची आम्ही तिघेही न बोलता काळजी घेत होतो.

आठवी संपत आली तेव्हा शाळेत जाहीर झाले की पुढच्या वर्षी अ तुकडीला गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाईल, आणि त्या तुकडीत कोणाला घ्यायचे ते इंग्रजीच्या एका परीक्षेवरून ठरेल. परीक्षेचे दोन भाग: ऐकून समजणे आणि वाचून समजणे. ती घेणार होते आमचे मुळे सर. इंग्रजीवर त्यांचे खरे प्रेम होते, हे मी आजही मान्य करते. ते वर्गात उतारे वाचत तेव्हा पहिल्या बाकावरून मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघे आणि प्रत्येक शब्द माझ्यात उतरे. “ही मुलगी बघा, कशी लक्ष देते,” असे त्यांनी एकदा म्हटलेही होते. मला त्या अ तुकडीत जायचे होते. इतके जायचे होते की मी ते कोणालाही बोलून दाखवले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी सरांनी टेबलावर एक टेपरेकॉर्डर ठेवला, त्याच्यावरचा रुमाल एखाद्या मूर्तीवरचा काढावा तसा काढला आणि म्हणाले, “आता खऱ्या इंग्रज माणसाचं इंग्रजी ऐका. मग प्रश्नांची उत्तरं लिहा.” त्यांनी कळ दाबली. त्या यंत्रातून एक पुरुष बोलू लागला, आणि मी सवयीने त्याच्या तोंडाकडे पाहिले. तिथे तोंड नव्हते. काचेआड दोन चकत्या संथपणे फिरत होत्या. मी त्या चकत्यांकडे डोळे फाडून पाहत राहिले. आवाज येत होता, स्पष्ट येत होता, पण भिंतीपलीकडच्या मागांचा यावा तसा. त्यात शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते मला दिसत नव्हते. टेप दुसऱ्यांदा वाजवली गेली. मी कोरा कागद दिला.

त्यानंतर वाचनाचा उतारा आला. बर्फात अडकलेल्या एका टपालवाल्याची गोष्ट होती. शेवटचा प्रश्न असा होता की परत फिरणे शक्य असूनही तो पुढे का गेला. उत्तर उताऱ्यात कुठेही लिहिलेले नव्हते. ते त्याच्या वागण्यावरून ओळखायचे होते. मी ओळखले. वाचनात मी वर्गात पहिली आले आणि ऐकण्यात शेवटची.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी पाहून एखाद्या शिक्षकाला कोडे पडायला हवे होते. मुळे सरांना ते पडले नाही. त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, “जिला ऐकलेलं एक वाक्य कळत नाही, तिला वाचलेलं सगळं कळतं, हे शक्य नाही. तू शेजारच्या मुलीचं पाहून लिहिलंस. कबूल कर.”

शेजारच्या मुलीचे शेवटचे उत्तर चुकले होते. पेपर वाटले तेव्हा तिनेच मला ते दाखवले होते. जे उत्तर तिच्या कागदावर नव्हतेच, ते मी तिच्या कागदावरून कसे उचलणार? दोन्ही पेपर सरांनीच तपासले होते. ते शेजारी ठेवून पाहायला एक क्षण पुरला असता. तो क्षण त्यांनी माझ्यासाठी काढला नाही. कोष्ट्याच्या पोरीला इतके इंग्रजी येणारच नाही, ही खात्री त्यांच्यापाशी आधीच तयार होती, आणि तयार निकाल हाती असताना पुरावा पाहण्याचे कष्ट कोण घेतो? मी उत्तर दिले. पण ते देताना माझे ओठच हलले, आवाज फुटला नाही. सर म्हणाले, “पुटपुटू नको. उद्या वडिलांना घेऊन ये.”

इथे जरा थांबते. पुढे मी स्वतः इंग्रजी शिकवले, असंख्य मुलांच्या आकलनाच्या परीक्षा घेतल्या. ऐकून समजणे आणि वाचून समजणे या दोन वेगळ्या वाटा आहेत, एकीवर अडखळणारे मूल दुसरीवर धावू शकते, हे शिक्षणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला सांगतात. गेल्या हिवाळ्यात पारशिवनीकडच्या एका शाळेत मला अशीच परीक्षा पाहायला बोलावले होते. भिंतीवर स्पीकर, त्यातून एका बाईचा गुळगुळीत आवाज, आणि शेवटच्या बाकावर एक मुलगी त्या स्पीकरच्या जाळीकडे टक लावून बसलेली. मी उठले, स्पीकर बंद केला आणि तोच उतारा मुलींसमोर उभी राहून वाचला. सोबतचे अधिकारी मोबाइलमध्ये पाहत म्हणाले, “मॅडम, हे नियमात बसत नाही. सगळ्यांना सारखाच आवाज पाहिजे.” सारखाच आवाज! जणू कान सगळ्यांना सारखेच मिळालेले असतात. मी त्यांना एक वाक्य म्हटले. ते वाक्य माझे नव्हते. ते कोणाचे होते ते पुढे येईल. त्या रात्री मनीषनगरातल्या माझ्या निवांत फ्लॅटमध्ये, जिथे एकही भांडे किणकिणत नाही, मी हे प्रकरण लिहायला घेतले.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वच्छ पांढरा शर्ट घालून शाळेत आले. सरांनी त्यांना बसवले आणि त्यांच्याकडे पाहून म्हणाले, “तुमची मुलगी वाचनात वर्गात पहिली आली आहे.” बाबांचा चेहरा असा उजळला की मला तो आजही पाहवत नाही. मग सर उठले, आमच्याकडे पाठ केली, आणि कपाटात काही शोधता शोधता बोलत राहिले: “पण ते गुण तिचे नाहीत. शेजारच्या मुलीचं पाहून लिहिलं आहे. तुम्ही मान्य करत असाल तर मी हे प्रकरण वर नेत नाही. तिला क तुकडीत ठेवतो. बोला, मान्य आहे?”

बाबा त्या पाठीकडे पाहत होते. सरांचा आवाज थांबला हे त्यांना खांद्यांवरून कळले असावे. ते हसले, मान हलवली आणि म्हणाले, “हाव जी, सर. हाव. मेहरबानी झाली.”

सर कपाट बंद करून वळले. “समजूतदार आहात,” म्हणाले. बाबांनी हात जोडले.

मी तिथे उभी होते. ‘सर, माझ्या वडिलांना ऐकू आले नाही,’ एवढेच म्हणायचे होते. मात्र ते म्हणणे म्हणजे ज्या माणसाने ही गोष्ट साऱ्या जगापासून झाकून ठेवली, त्याचे पांघरूण त्याच्याच डोळ्यांदेखत ओढून काढणे होते. मी चोर ठरावे, की बाबा बहिरे? त्या वयात, त्या खोलीत, मला यांतले एक निवडायला लावले गेले, आणि लावणाऱ्याला आपण काय केले याचा पत्ताही नव्हता. मी गप्प राहिले. त्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. दोष कोणाचा ते मला पक्के ठाऊक आहे. माणसाशी बोलताना त्याच्याकडे तोंड करण्याइतकीही ज्याला गरज वाटली नाही, त्याचा.

परतताना बाबांनी संत्रा बर्फी घेतली. घरी न थांबता सरळ शेडमध्ये शिरले आणि मागामागाशी जाऊन प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवत ओठांनी सांगू लागले, “पोरगी पहिली आली. अ तुकडीत गेली.” रुख्मामावशीने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटे मोडली आणि म्हणाली, “आता तू साहेबीण होशील वं. मंग आमच्या शेठले इंग्रजीत शिव्या देजो.” मग बाबा आपल्या मागांवर गेले, आमच्याकडे पाठ करून.

मायने बर्फी तोंडात घातली नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

“काय झालं वं?” तिचे ओठ म्हणाले. “असं थोबाड काहून केलं?”

मी तिला सांगितले. स्टाफरूममधला सगळा राग, आवाज न करता, तिच्यासमोर ओतला. सर कपाटात तोंड घालून बोलत होते. बाबांना काही समजले नाही. ते हाव म्हणाले. मी चोर ठरले, माय, आणि बाबा बर्फी वाटत आहेत.

त्या शेडमध्ये गुपित पाठीमागेच बोलायचे असते, आणि बाबांची पाठ माझ्याकडे होती. पण मागावर धागा तुटला आणि तो जोडायला ते वळले. किती वेळ ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, मला माहीत नाही. मला फक्त त्यांचे माग बंद पडल्याचे कळले. एवढ्या खटखटीतून दोन मागांची खटखट वजा झाली तर आमच्या लोकांना लगेच कळते. सगळ्यांनी माना वर केल्या. बाबा कामाच्या वेळी माग कधी थांबवत नसत.

ते माझ्यापाशी आले. “मी कशाले हाव म्हटलं?” त्यांनी विचारले. या वेळी ओठांनी नव्हे. मोठ्या, बेसूर आवाजात, जो मागांवरूनही ऐकू आला.

मायच म्हणाली, “जाऊ द्या जी. झालं ते झालं. तुमाले काय माहीत.”

“मी कशाले हाव म्हटलं, ते सांग.”

मी सांगितले. त्यांनी खिशातून बर्फीचा रिकामा पुडा काढला, त्याची घडी केली, पुन्हा खिशात ठेवला आणि कामावर गेले. रात्री ज्वारीची भाकर आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा होता, त्यांच्या आवडीचा. ते जेवले, पण डोळे ताटातच ठेवले. आमच्या घरात कोणी ताटात डोळे ठेवले की त्याच्याशी बोलण्याचा मार्गच उरत नसे.

मी अ तुकडीत गेले नाही, हे आताच सांगून टाकते, म्हणजे वाचकाने भलती आशा धरू नये. मी क तुकडीत मराठीतून विज्ञान शिकले. इंग्रजी वाचनालयातून आणि रद्दीतून वाचले, आणि पुढे त्याच भाषेवर पोट भरले. पण ते माझ्या हट्टामुळे, त्या शाळेच्या कृपेमुळे नव्हे. काही स्नेही म्हणतात, बघ, शेवटी सगळे चांगलेच झाले. मला या वाक्याची चीड आहे. माझे चांगले झाले, याने सरांचे वागणे चांगले ठरत नाही. माझ्यासारख्या ज्या आणखी मुली कोऱ्या कागदांसह क तुकडीत आल्या, त्यांच्यातल्या बहुतेक दहावीनंतर दिसल्या नाहीत. त्यांच्या कानांची, डोळ्यांची, घरांची चौकशी करायला कोणीही गेले नाही.

तर, दुसऱ्या दिवशी सकाळी इंग्रजीचा तास चालू होता. वर्गाच्या दारात बाबा उभे राहिले. पांढरा शर्ट नव्हता; शेडमधून तसेच आले होते, केसांवर आणि भुवयांवर सुताचा पांढरा भुसा. मुली खुसखुसल्या. सरांनी “काय आहे?” असे विचारले.

बाबा बोलले ते शेडमधल्या त्याच आवाजात. शेजारच्या वर्गातही ते ऐकू गेले असणार.

“सर, मले ऐकू येत नाही.”

खुसखुस थांबली.

“दोनी कानांनी येत नाही. काल तुमी आलमारीकडं तोंड करून बोलून राहिले होते. मले काही समजलं नाही अन् मी हाव म्हटलं. ते हाव खोटं होतं. माह्या पोरीनं पाहून लिहिलं नाही. तिले इंग्रजी येते. तोंडाकडं पाहून सगळं येते. आमच्या घरी सगळे तसेच ऐकतात.”

इतक्या वर्षांची झाकलेली गोष्ट त्यांनी वर्गभर मुलींसमोर स्वतःच्या हातांनी उघडी केली. मी पहिल्या बाकावर बसले होते. माझी लाज त्या क्षणी संपली, आणि तिच्या जागी जे आले ते अजून तिथेच आहे.

सर गोंधळले असावेत. त्यांनी खडू उचलला, फळ्याकडे वळले, अर्धवट राहिलेले वाक्य पुरे करू लागले आणि लिहिता लिहिता बोलू लागले, “हे पाहा, इथं वर्ग चालू आहे, आणि परीक्षेचे काही नियम...”

“तोंड इकडं करून बोला, सर.”

बाबांच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. शेडमध्ये कोणीही कोणालाही म्हणते तसेच ते म्हणाले, आणि पारशिवनीच्या शाळेत मी म्हटले ते हेच. खडू थांबला. सर वळले. बाबांकडे पाहून, एकेक शब्द तोडून, ते म्हणाले, “वाचनाचे गुण मी काढून घेत नाही. मुलीवर आरोप राहणार नाही. पण श्रवणाची परीक्षा कानांची असते, डोळ्यांची नव्हे. त्यात ती नापास आहे. अ तुकडी मिळणार नाही. समजलं?”

आणि ते थांबले, मान हलण्याची वाट पाहत.

बाबांनी त्यांच्या तोंडावरचा शेवटचा शब्द पूर्ण होऊ दिला. त्यांची मान हलली नाही.

“समजलं, सर,” ते म्हणाले. “सगळं समजलं. पन मी हाव नाही म्हणून राहिलो.”